गाडीच्या छातीला कान

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्याकडे चारचाकी आहे, त्यातल्या निम्म्या लोकांना आमच्या हिच्या मामांनी एकदा तरी बॉनेट उघडायला लावलं आहे, आणि उरलेले निम्मे वाचले ते केवळ थांबले नाहीत म्हणून. मामा मेकॅनिक नाहीत. त्यांना गाडी धड चालवताही येत नाही. रिव्हर्स घ्यायचा झाला तर ते अजून मामींना खाली उतरवतात, आणि मामींनी “येऊ द्या” म्हटल्यावरही आधी देवाचं नाव घेतात. ते गुरांचे डॉक्टर होते. अंजनगाव सुर्जी, बार्शीटाकळी, हिवरखेड अशी बदल्यांची फिरती करत त्यांनी आख्खी नोकरी गोठ्यांत काढली आणि निवृत्त होऊन अमरावतीत घर बांधलं. तर कॉलनीत गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. प्रत्येक दारापुढे बांधलेली फक्त गाडी. तपासायला काहीतरी हवं म्हणून मामा गाड्या तपासायला लागले, असं मामी सांगतात. अशा माणसाला पुण्याला मुलाकडे न्यावं की इथंच राहू द्यावं, हा प्रश्न यंदा आमच्या घरात फार गाजला, आणि त्याचा निकालही शेवटी एका गाडीच्या बॉनेटवरच लागला.

आता मामा गाडीचे सगळे रोग बघत नाहीत हेही सांगितलं पाहिजे. ब्रेक लागत नाही, काच खाली होत नाही, एसी गार करत नाही, असली तक्रार घेऊन कोणी आलं तर मामा त्याच्याकडे दयेनं पाहतात आणि मिस्त्रीकडे पाठवतात. त्यांचा विषय एकच. गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, ॲक्सिलरेटरवर कोणाचा पाय नाही, आणि इंजिन आपलं आपण चालू आहे. गॅरेजवाले त्याला आयडलिंग म्हणतात. ते एकसारखं असायला हवं. त्यात जरा अडखळ आली, काटा वरखाली व्हायला लागला, स्टिअरिंग थरथरलं, आरशाला टांगलेला गणपती डोलायला लागला, की मामांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. “पळताना कोणतंही जनावर चांगलंच दिसते, जवाईबापू,” ते मला म्हणतात. “उभं राह्यलं का मंग समजते त्याले काय दुखते ते.” मी मामांच्या भाचीचा नवरा, त्यामुळे त्यांच्या लेखी कायमचा जवाईबापू आणि कायमचा अडाणी.

तपासणीची पद्धत ठरलेली. आधी मालकाला समोर बसवून विचारपूस. सकाळी थंडीत थरथरते का तापल्यावर? एसी लावला का वाढते? मागच्या आठवड्यात कुठं धुवायला नेली होती? पेट्रोल कोणत्या पंपावरचं पाजलं? आणि हे विचारताना ते मालकाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, त्याच्या बायकोच्या तोंडाकडे पाहतात. “जनावर बोलत नाही, गाडी बोलत नाही. मालक बोलते, आन् तो खोटं बोलते,” हे त्यांचं नोकरीतलं शहाणपण. गाईला सरकी जास्त झाली तरी गडी म्हणणार, नाही साहेब, रोजच्याइतकीच दिली. विचारपूस संपली की मामा गाडीच्या मागच्या बाजूनं जातात, कारण जनावराकडेही ते तसंच जात. सायलेन्सरपुढे तळहात धरून वाफारा घेतात, बोटं हुंगतात, एखादी गाडी फार जवळची असली तर रुमाल धरून तोही हुंगतात. मग पुढे येऊन बॉनेटवर पालथा हात. मग बॉनेट उघडून सरकारी नोकरीतला तो जुना स्टेथोस्कोप कानाला, आणि डोळे बंद. या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. एकदा आमच्या हिनं “मामा, चहा” एवढंच म्हटलं, तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा घेऊन परत गेली आणि आम्हीच तो प्यायलो.

माझ्या गाडीचं निदान मामांनी केलं तेव्हापासून मी त्यांना मानतो. सिग्नलला उभा राहिलो की माझी गाडी अशी हादरे की शेजारच्या स्कूटीवरच्या बाईंनी एकदा मला विचारलं, “दादा, बरं वाटून नाही राहिलं का?” गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाला, हादरणं कमी होईना. मामांनी बराच वेळ ऐकलं. मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून म्हणाले, “इंजिनाले काहीच नाही झालं. ते निरोगी आहे.” मी म्हटलं, मग थरथरतंय काय? “गोठा खिळखिळा आहे,” मामा म्हणाले. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसवलेलं असतं त्यातला एक ठोकळा फाटला होता, आणि इंजिनाची साधी धडधड सरळ माझ्या हाडांत येत होती. रबर बदललं आणि गाडी शांत झाली. वरून मामांनी हिला बाजूला घेऊन विचारलं की जवाईबापू रागात क्लच सोडतात का. हिनं हो सांगितलं. त्यावर दोघांची माझ्याबद्दल बरीच चर्चा झाली, ती इथं देण्यासारखी नाही.

वेळ, प्रसंग, जागा यांचं भान मामांना गाडीपुढे राहत नाही. हिच्या मावसबहिणीसाठी अकोल्याला मुलगा पाहायला गेलो होतो. आत पोहे आले, गोड आलं, मुलाच्या नोकरीची चौकशी झाली, आणि बोलणं ठरवायला ज्यांना मोठे म्हणून आणलं होतं ते मामा कुठं दिसेनात. ते अंगणात. मुलाच्या वडिलांची गाडी चालू करायला लावून, तिच्यावर ओणवे होऊन, आणि नवरामुलगा शेजारी हातात टॉर्च धरून उभा. परत येताना गाडीत सगळे मामांवर तुटून पडले. मामा शांत. “पोरगा चांगला आहे,” म्हणाले. “मी इचारल्याबरोबर त्यानं सांगतलं, काका, तापल्यावर मिसिंग मारते, ठोका चुकते, आमच्याच हातून हयगय झाली. जो पोरगा पाहुण्यासमोर आपल्या गाडीचं खरं सांगते, तो बायकोपासून काय लपवन?” लग्न झालं. आज त्या घरात दोन लेकरं आहेत, आणि ते जावई दर दिवाळीला गाडी मामांना दाखवायला अमरावतीला आणतात. याउलट कॉलनीतल्या एका आजोबांच्या अंत्ययात्रेत मामांनी जे केलं त्याचं मात्र मला अजून समर्थन करता येत नाही. शववाहिनी दारात येऊन उभी राहिली, घरच्यांचा आकांत चाललेला, आणि मामा हळूच ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हणाले, “बाबू, तुझा एक सिलेंडर काम करून नाही राहिला.” ड्रायव्हर तिथंच खाली उतरला. दोघं बॉनेटमध्ये वाकले. नातेवाईकांना वाटलं गाडी बंद पडली, आणि दुसरी गाडी मागवण्यासाठी फोनाफोनी सुरू झाली.

बडनेरा रोडवरचे सलीमभाई हे मामांचे गॅरेजवाले. तसे ते सगळ्या कॉलनीचे गॅरेजवाले, पण भांडायचा हक्क फक्त मामांना. सलीमभाईंकडे आता कॉम्प्युटर आहे. गाडीला जोडला की पडद्यावर दोष लिहून येतो. मामांचा त्याच्यावर राग नाही, पण ते त्याला धाकट्या डॉक्टरासारखं वागवतात. “डॉक्टरसाब, मशीन बोलून राहिली, कॉइल गेली,” सलीमभाई म्हणतात. “मशीनले इचार, काहून गेली,” मामा म्हणतात. मग दोघं मिळून शोधतात, आणि निघतं असं की मालकानं घरीच इंजिनावर पाण्याचा फवारा मारला होता. मामा नेहमीच बरोबर निघतात असं मात्र समजू नका. समोरच्या बंगल्यातल्या बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी नवी कोरी गाडी घेतली, तेव्हा मामांना ती सिग्नलला गपकन बंद पडताना दिसली. एकदा नाही, दर सिग्नलला. मामांनी त्यांना घरी जाऊन सांगितलं की गाडी आयडलिंग धरत नाही, लांबच्या प्रवासाला नेऊ नका, मधेच बसंल. साहेबांचं सहकुटुंब चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. गाडी सलीमभाईंकडे गेली. सलीमभाईंनी हसू आवरून सांगितलं, “डॉक्टरसाब, हे नवीन फॅशन आहे. पेट्रोल वाचवायले गाडी सोताच बंद होते, क्लच दाबला का सोताच चालू होते.” मामा बराच वेळ त्या गाडीभोवती फिरले. “म्हंजे हिले उभं राहणंच माहीत नाही,” एवढं बोलून ते घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मॅनेजरीणबाई अजून मामींशी बोलत नाहीत.

तर असे मामा, आणि गेल्या वर्षभरात त्यांचा कान गेला.

एकदम नाही गेला. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग फोन. मामांनी कबूल केलं नाही. बेल बारीक झाली आहे, कुकर जुना झाला आहे, मोबाइल कंपन्या आवाज कमी करून राहिल्या आहेत, अशी त्यांची कारणं तयार असत. पुण्याच्या प्रशांतनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, कानात घालायचं महागडं मशीन आणून दिलं. मामांनी ते एक दिवस घातलं. त्या दिवशी त्यांना पंखा ऐकू आला, शेजारचा मिक्सर ऐकू आला, मामींचं तव्यावरचं उलथणं ऐकू आलं, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या झाडून सगळ्या गाड्या आजारी ऐकू आल्या. “सगळ्याइले एकच रोग कसा होईन?” असं म्हणून त्यांनी मशीन काढून कपाटात ठेवलं, ते तिथंच राहिलं.

गाड्या मात्र येतच राहिल्या, आणि निदानं बरोबर निघतच राहिली. याचं कोडं मला एका रविवारी सुटलं. अंजनगाव सुर्जीहून मामांच्या ओळखीचे एक संत्र्यांचे व्यापारी गाडी घेऊन आले होते. मामा म्हणाले, “माह्या कानात सर्दी आहे. तू ऐक वं.” मामी कणकेचे हात धुऊन आल्या, डोक्यावरचा पदर जरा मागे सारून स्टेथोस्कोप कानाला लावला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मामांच्या मनगटावर इंजिनाचा ठोका वाजवायला लागल्या. टक, टक, टक, मग एक चुकवायच्या. पुन्हा टक, टक, टक. मामा डोळे मिटून मनगटावर ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी निदान सांगितलं आणि व्यापारी खूश होऊन गेले. मामींना गाडीतलं कळत नाही असा माझा समज होता, पण ज्या बाईनं सगळा संसार एकाच विषयावर बोलणाऱ्या माणसाबरोबर केला, तिला न कळून कसं चालेल? मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून विचारलं. त्या पोळी लाटत म्हणाल्या, “कॉलनीत सगळ्याइले माहीत आहे. तुमालेच उशिरा समजलं. आता प्रशांतले नका सांगू म्हंजे झालं.”

प्रशांतला सांगायचं नव्हतं, कारण तो निमित्तच शोधत होता. राजकमल चौकात मामा मागून येणाऱ्या ऑटोच्या पुढ्यात गेले होते. ऑटोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून खरचटण्यावर निभावलं, पण कोणी तरी पुण्याला फोन केला. प्रशांतचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. एकटे आईबाप, बापाला ऐकू कमी येतं, आणि तो पाचशे-सहाशे किलोमीटरवर. त्यानं मला फोनवर सांगितलं, “भाऊजी, मी दसऱ्याला येतो ते दोघांना घेऊनच जातो. तुम्ही खरं सांगा, बाबांना किती ऐकू येतं?” मी म्हटलं, बरं येतं. हे धादांत खोटं होतं आणि बोलताना मला काहीच वाटलं नाही. मामांना पुण्याला पाठवणं म्हणजे काय, हे मी प्रशांतच्या इमारतीत राहून पाहिलं आहे. गाड्या जमिनीखाली, लोक लिफ्टनं वर. कोणी कोणाच्या बॉनेटवर हात ठेवला तर वॉचमन येतो. मामा बोलून दाखवत नव्हते, पण दसरा जवळ आला तसं त्यांचं जेवण कमी झालं, आणि एकदा त्यांनी मला विचारलं, “पुण्यात गाडी बिघडली का लोकं काय करतात, जवाईबापू?” मी म्हटलं, कंपनीत फोन करतात.

प्रशांत आला तो गाडी थरथरवतच आला. अंगणात उभी राहिल्यावर गाडी अशी अडखळत होती की तुळशीपाशी बसलेलं मांजर उठून गेलं. पुण्यातल्या वर्कशॉपनं बरीच मोठी यादी दिली होती, हे बदला, ते बदला, आणि प्रशांतनं ते काम परत गेल्यावर करायचं ठरवलं होतं. मामांनी चहा अर्धा टाकला आणि उठले. मामींचा चेहरा उतरला, कारण मुलासमोर स्टेथोस्कोप त्यांना लावता येणार नव्हता, आणि मामांनी लावून उपयोग नव्हता. मी सलीमभाईंना फोन केला. ते सणाचा दिवस असून स्कूटरवर पाना-पक्कड घेऊन आले, आणि प्रशांतशी हात मिळवताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यावरून मला कळलं की त्यांनाही सगळं माहीत आहे.

मामांनी त्या दिवशी स्टेथोस्कोप काढलाच नाही. मागून गेले, वाफारा घेतला, बोटं हुंगली. प्रशांतला विचारलं, उन्हात जास्त का सावलीत? घाटात ओढते का? मग बॉनेट उघडून प्रत्येक नळीवर बोट ठेवत गेले. “हवा कुठून तरी चोरून आत जाऊन राहिली,” ते म्हणाले. इंजिन मोजून हवा घेतं, मापापलीकडची हवा आत शिरली की त्याचा हिशेब चुकतो आणि ते धापा टाकतं. हे मला सलीमभाईंनी नंतर समजावलं. कान चांगला असता तर मामांना ती हवेची बारीक शिट्टी ऐकू आली असती. ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग ते सरळ देवघरात गेले आणि पेटवलेली उदबत्ती घेऊन बाहेर आले.

“डॉक्टरसाब, पेट्रोलच्या गाडीवर आग कोण घेऊन येते?” सलीमभाई मागे सरकत म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं. म्हणजे आग लागली तर मी विझवायची. मामी पायरीवरून म्हणाल्या, “देवाची उदबत्ती आहे ते, लक्षात ठेवा.” मामांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते उदबत्ती एकेका नळीजवळून फिरवत होते. धूर सगळीकडे आपला वर जात होता. इंजिनामागच्या एका बारक्या रबरी नळीपाशी मात्र तो अचानक वाकला आणि नळीच्या खालच्या अंगाला आत ओढला गेला. नळीला केसाएवढी चीर होती. सलीमभाईंनी जवळ येऊन पाहिलं आणि मान हलवली. प्रशांत चकित होऊन बापाकडे पाहत होता. बऱ्याच वर्षांनी त्यानं बापाकडे असं पाहिलं असावं. मला वाटलं, जिंकलो.

सलीमभाईंनी नळीचा नवा तुकडा बसवला. गाडी चालू केली. थरथर बरीचशी गेली होती, थोडी उरली होती. मामांनी बॉनेट लावून घेतलं, त्यावर दोन्ही तळहात ठेवले. “तिले जरा टाइम द्या,” म्हणाले. “आजकालच्या गाड्याइले अक्कल असते. हवा बदलली हे तिले समजाले वेळ लागते. चालू राहू द्या.” आणि त्यांनी डोळे मिटले. आम्ही थांबलो. सलीमभाई हत्यारं पुसायला लागले. तेवढ्यात प्रशांतला ऑफिसचा फोन आला. गाडीच्या आवाजात त्याला नीट ऐकू येईना, म्हणून कोणीही करील तसं त्यानं खिडकीतून हात घालून चावी फिरवली, काढली आणि बोलत बोलत फाटकाकडे गेला.

अंगण शांत झालं. मामा तसेच उभे होते, डोळे मिटलेले, दोन्ही हात बॉनेटवर. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. फोन संपवून प्रशांत परत आला तेव्हा मामांनी डोळे उघडले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर भाचीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

“झालं,” ते म्हणाले. “शिकली ती. इकडे ये, प्रशांत. हात ठेव इथं. पाह्य बरं, समजते का काही? चालू आहे म्हणून सांगावं लागन, अशी चालून राहिली.”

प्रशांतनं हातातल्या चावीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. सलीमभाई वळून स्कूटरच्या डिकीत काहीतरी शोधायला लागले. माझ्या हातात ते ओलं फडकं होतं, मी ते उगाच पिळत राहिलो. आता संपलं, असं मला वाटलं, आणि मला मामांचं फार वाईट वाटलं.

“प्रशांत,” मामी पायरीवरून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रोजच्यासारखा होता. “बंद कर रे आता. कायले पेट्रोल जाळतं?”

प्रशांत आईकडे पाहत राहिला. मग त्यानं दार उघडलं, आत बसला, चावी लावली, होती तशी परत काढली आणि बाहेर आला. त्यानं दार लावलं तेव्हा मामांनी बॉनेटवरून हात उचलले, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं बॉनेटवरचे हातांचे ठसे पुसायला लागले.

तो पायरीवर आईशेजारी जाऊन बसला. पुण्यात त्याच्या जिभेवर चढलेली भाषा सगळी उतरली होती. “एवढं कमी कदीपासून ऐकू येते, आई?” त्यानं विचारलं. “झालं असंन वर्ष,” मामी म्हणाल्या. “अन् तू काहून नाही सांगतलं मले?” त्यावर मामींनी नुसतं अंगणाकडे पाहिलं. प्रशांत बराच वेळ अंगणातल्या माणसांकडे बघत होता. सलीमभाईंकडे, माझ्याकडे, आणि फाटकाबाहेर दुसरी एक गाडी येऊन उभी राहिली होती, तिच्यातून उतरणाऱ्या गृहस्थाकडे. ते आपल्या पाळीची वाट बघत होते. मग तो म्हणाला, “राहा मंग इथंच. रस्त्यावर जाताना ते मशीन लावतीन, एवढं मात्र कबूल करून घे त्याइच्याकडून.” मामींनी पदर तोंडाला लावला.

“काय म्हणून राहिला तो?” मामांनी गाडीपासून विचारलं.

“म्हणते, गाडी चांगली झाली,” मामी मोठ्यानं म्हणाल्या.

“होईनच ना,” मामा म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून जवळ आले. निकाल लागला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते आपली बाजू मांडायला लागले. पुण्यात असं कोण पाहून देते, मी तिकडे आलो तं इथल्या गाड्या कोण पाहीन, सलीम एकटा काय काय करन, अकोल्याचे जवाई दिवाळीले गाडी घेऊन येतीन तं त्याइले काय सांगायचं. महिनाभर मनात जुळवलेलं सगळं ते एकामागून एक काढत होते, हात हलवून, मुलाच्या तोंडाकडे टक लावून. त्यातलं एकही सांगायची आता गरज नव्हती. प्रशांतनं मध्ये एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं. मामांचं बोलणं संपलं तेव्हा तो उठला, त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, “बरं, बाबा.”